‘शाकाहारी’ कोलॅजन आले कुठून?

संपादक महोदय,

शेजारच्या काकूंनी गुडघ्यांसाठी महागडा डबा आणला. वर हिरवा ठिपका आणि ‘शाकाहारी कोलॅजन’! बारावीला जीवशास्त्र शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

कोलॅजन हे प्राण्यांच्या शरीरातले प्रथिन. वनस्पती ते बनवतच नाहीत. जनावरांची कातडी, हाडे, माशांचे खवले यांतून ते काढतात. डब्यामागची बारीक अक्षरे वाचली, तर आत आवळ्याचा अर्क आणि बायोटिन हे एक ब जीवनसत्त्व!

बरे, खरे कोलॅजन खाल्ले तरी ते उठून गुडघ्यात जाऊन बसत नाही. जठरातले पेप्सिन, पुढे लहान आतड्यातले ट्रिप्सिन ही पाचक विकरे त्याचे तुकडे पाडतात. रक्तात पोचतात ती मुख्यतः अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे सुटे मणी, आणि काही छोटे पेप्टाइड, म्हणजे त्याच मण्यांच्या आखूड माळा. त्यांचे काय करायचे, ते पेशी ठरवतात, डब्यावरचे लेबल नव्हे. कोलॅजनचा धागा तीन पदरांचा, वेणीसारखा पिळलेला. प्रत्येक पदरात साधारण दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन. हा पीळ पक्का व्हायला क जीवनसत्त्व लागते. ते फारच कमी पडले की हिरड्यांतून रक्त येते, तोच स्कर्व्ही. म्हणजे आवळा कामाचा खरा, पण तो मंडईतही मिळतो की!

शिवाय सांध्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचीक थरात, रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यतः सांध्यातल्या द्रवातून होते आणि त्यासाठी सांधा हलता लागतो. हे मात्र कोणतीच जाहिरात सांगत नाही. चालणे विकता येत नाही ना!

अशा जाहिराती स्वीकारताना वृत्तपत्रांनी निदान घटकांची यादी मागून घ्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा