वाघ म्हटलं की सरकारला माणसं आठवतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यातल्या म्हादई अभयारण्याचा व्याघ्र प्रकल्प करायचा की नाही यावर तुमच्या पत्रांच्या पानावर जे चाललंय ते मी रोज वाचतेय. एक जण लिहितो वाघ वाचवा, दुसरा लिहितो माणसं वाचवा, आणि मग तिसरा कुणीतरी पणजीहून लिहितो की जंगलात राहणारे सगळे अतिक्रमणवाले, त्यांना बाहेर काढा म्हणजे प्रश्नच मिटला. मी सत्तरी तालुक्यातली, माहेर अभयारण्याच्या हद्दीत, त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

पहिलं म्हणजे हे अतिक्रमण प्रकरण. म्हादई अभयारण्य जाहीर झालं १९९९ साली, राष्ट्रपती राजवट होती तेव्हा, राज्यपाल जेकब यांनी म्हादई आणि नेत्रावळी दोन्ही एकदम जाहीर केली. मला विचाराल तर बरंच केलं, नाहीतर त्या डोंगरांवर आज काजू सोडा, खाणीच दिसल्या असत्या. पण गावं त्याच्या कितीतरी आधीची आहेत हो. माणसं कुमेरी म्हणजे फिरती शेती करत होती, डोंगरउतारावर नाचणी वरी पिकवत होती, मग कुमेरी बंद झाली आणि लोकांनी काजू लावला. तो काजू लावणारे आजोबा गेले, बाग नातू करतोय, आणि एक-चौदाचा उतारा (आमचा सातबाराच म्हणा) काढला की त्यावर नाव सरकारचं. मेळावली गावात आयआयटीसाठी जमीन घ्यायची होती त्या वेळी हेच झालं ना, २०२१ च्या जानेवारीत बायका रस्त्यावर बसल्या त्या काय आयआयटीवर राग म्हणून बसल्या होत्या? कागदावर जमीन सरकारी आणि झाडं यांची, तिथंच सगळं अडलं होतं.

आता सरकारचं बघा. २४ जुलै २०२३ ला हायकोर्टाने सांगितलं की तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा. त्याच निवाड्यात आणखी एक गोष्ट सांगितली होती जी कुणी बोलत नाही, की अनुसूचित जमाती आणि इतर वननिवासींचे वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या जमिनीवरच्या हक्काचे, दावे बारा महिन्यांत निकालात काढा. सरकार सुप्रीम कोर्टात धावलं, आणि सगळीकडे सांगायला लागलं की लोक विस्थापित होतील, लोकांचं काय होणार. ऐकायला छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग वनहक्क कायदा २००६ चा, अंमल २००८ पासून, राज्यात दहा हजारांच्या आसपास दावे आले, ते इतकी वर्षं कुणाच्या टेबलावर होते? लोकांची एवढी काळजी असती तर सनदा, म्हणजे हक्काचे कागद, कधीच वाटून झाल्या असत्या, आणि हातात सनद असलेल्या माणसाला वाघाच्या नावाने घाबरवताच आलं नसतं. मला तर वाटायला लागलंय की दावे लटकलेले असणं सोयीचं आहे, वाघ नको असला की लोक पुढे करायचे आणि एखादा प्रोजेक्ट हवा असला की तेच लोक अतिक्रमणवाले.

आणि कायदा काय म्हणतो ते पण एकदा नीट वाचा. दाव्याची प्रक्रिया पूर्ण झाल्याशिवाय कुणालाही जमिनीवरून उठवता येत नाही. वाघाच्या कोअर एरियातून, म्हणजे प्रकल्पाच्या गाभ्यातून, हलवायचं तरी आधी हक्क ठरवावे लागतात, मग लोकांची आणि ग्रामसभेची संमती लागते. बफरमध्ये, म्हणजे त्याच्या भोवतालच्या पट्ट्यात, तर लोक राहणारच आहेत. म्हणजे वाघाच्या बाजूने असलेल्यांनी पण आधी दावे निकाली काढा असंच म्हणायला पाहिजे, पण तेही म्हणत नाहीत.

दावे अडतात कुठे ते सांगते, कारण बाहेर बसून कळत नाही. आमच्याकडे बरेच दावेदार एसटी, म्हणजे अनुसूचित जमातीचे, नाहीत. गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ मध्ये दर्जा मिळाला, धनगर गवळी समाज अजून मागतोच आहे. जे एसटी नाहीत त्यांना तीन पिढ्या, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधी ७५ वर्षं, तिथं राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. हिशोब करा, १९३० येतं. १९३० मध्ये इथं पोर्तुगीज होते, रानात गुरं राखणाऱ्या माणसाला कोण कागद देत होतं? खरं तर नियमात सोय आहे, म्हाताऱ्या माणसाचा जबाब चालतो, जुनी विहीर, बांध, देवाची जागा, मसण, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. पण काउंटरवर बसलेला माणूस कागदच मागतो.

माझ्या मामाच्या सासरच्या जागेची पाहणी झाली तेव्हा मी तिथं होते. काजूचा सीझन, मांगरापाशी बोंडूंचा ढीग, वास नुसता डोक्यात जात होता. साहेब जीपीएस घेऊन आले, एका खात्याचे आले आणि दुसऱ्या खात्याचे आलेच नाहीत, फोनवर म्हणाले पुढच्या आठवड्यात. आजी (मामाची सासू, वय नव्वदीच्या आसपास) काठी टेकत त्यांना दगडी गडगा दाखवत होती, हा माझ्या सासऱ्याने घातला, ही बाव त्याच्या बापाने खणली, ती तिथं वाघ्रोची, वाघदेवाची जागा. तो तरुण साहेब बिचारा चांगला होता, ऐकत होता, पण लिहिलं काहीच नाही, म्हणाला आजी, याला कॉलम नाही. नंतर फाईल परत आली, शेरा काय तर संयुक्त पाहणी झालेली नाही! न आलेला कोण, आणि फाईल कुणाची परत.

मग कोरम. दाव्यांच्या ग्रामसभेला निम्मा गाव हजर लागतो आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका लागतात. नियम वाईट नाही, बायका लागतात हे तर चांगलंच. पण सभा ठेवतात कधी, तर ऐन मार्च-एप्रिलमध्ये रविवारी सकाळी, जेव्हा सगळ्या बायका डोंगरावर काजू वेचत असतात, आणि त्या दिवशी नाही वेचला तर गवा नाहीतर माकडं खाऊन जातात. ज्यांचे दावेच नाहीत ते बाजारपेठेतले लोक कशाला येतील? कोरम होत नाही, सभा तहकूब, मग पंच सांगत फिरतात की लोकांनाच इंटरेस्ट नाही.

वाघाबद्दल पण बोलते नाहीतर म्हणाल टाळलं. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे मेले, गुरं मारली म्हणून विष घातल्याचा आरोप झाला, गावातल्याच माणसांना पकडलं. जे झालं ते वाईटच झालं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण जिथं वाघाला देव म्हणून पुजतात तिथं असं का व्हावं? ज्याच्या गोठ्याची नोंद नाही, जागा त्याच्या नावावर नाही, त्याला नुकसानभरपाईचा फॉर्म भरतानाच दहा प्रश्न विचारले जातात, आणि गाय तर गेलेली असते.

शेवटी ते पणजीकर पत्रलेखक म्हणाले होते की सनदा मिळाल्या की हे लोक दिल्लीवाल्यांना जमिनी विकतील. भीती कुठून येते ते कळतं मला, गोव्यात रोज तेच बघतोय. पण वनहक्काची जमीन विकताच येत नाही, मुलांकडे जाते, बाहेर जात नाही, आणि नवरा-बायको दोघांच्या नावावर होते. गोव्यात बिल्डरला घेता येत नाही अशी दुसरी जमीन दाखवा बघू. ऑर्चर्डचं (बागायतीचं) सेटलमेंट (घरं बांधायची जमीन) नगरनियोजन कायद्याच्या १७(२) खाली करायला ज्या वेगाने फाईली पळाल्या त्याच्या अर्ध्या वेगाने या पळाल्या असत्या तरी आजी असेपर्यंत सनद आली असती. ती गेल्या पावसात गेली.

माझं म्हणणं एवढंच, की दाव्यांच्या ग्रामसभा काजू संपल्यावर आणि संध्याकाळी ठेवा. पाहणीला दोन्ही खात्यांचे लोक एकाच दिवशी पाठवा, न आलेल्याचं नाव पंचनाम्यात लिहा. दावा फेटाळला तर कारण लेखी द्या, कारण वर अपील करायला साठ दिवसच असतात आणि इथं लोकांना फेटाळल्याचंच सहा महिन्यांनी कळतं. आणि तुमच्याकडे एक मागणं आहे संपादकसाहेब, दर महिन्याला एका चौकटीत छापा, कुठल्या तालुक्यात किती दावे आले, किती सनदा दिल्या, किती फेटाळले. आकडे मागवायला मी मदत करते, आरटीआयचे अर्ज लिहून देते, पोस्टाचा खर्च पण माझा.

आपली,
एक वाचक, वाळपई