सहाणेवरचं भांडण

चेंबूर, मुंबई
१४ मे २०२३

प्रिय बाळ्या,

शिमग्यापासून आपण बोललेलो नाही. मी तीनदा फोन लावला. दोनदा तू कापलास, तिसऱ्यांदा धाकट्याने उचलून "पप्पा बागेत गेलेत" सांगितलं. रात्री साडेनऊला बागेत! पोराला खोटं बोलायला शिकवायचंच असेल तर जरा बरं शिकव. दहावीच्या ग्रुपवर लिहावं म्हटलं, तर तिथून तावातावात मीच बाहेर पडलोय. आता परत घ्या म्हणायची लाज वाटते. म्हणून हे पत्र.

लिहायला बसलो त्याचं कारण सांगतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बारसूच्या कातळी सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षणाच्या गाड्या आल्या, बाया रस्त्यावर आडव्या झाल्या, तेव्हाची एक क्लिप इकडे फिरत होती. मी एका सोसायटीत शिडीवर उभा राहून एसीचं आउटडोअर युनिट उघडत होतो आणि हेल्पर खाली फोनवर ती बघत होता. "शेठ, तुमच्या गावचं दिसतंय." मी खाली उतरून बघितलं. रस्त्यावर ओळीने बाया, उन्हाचा पदर तोंडावर ओढलेल्या, आणि कडेला तिसरी तुझी आये. तोंड दिसत नव्हतं. पण उजव्या पायाला ती कायम जुन्या पातळाची चिंधी बांधते ना, वात उठतो म्हणून, त्यावरून ओळखली. तू समर्थकांच्या बैठकीत खुर्चीवर आणि आये डांबरावर. त्या रात्री घरी ताटात कोणी कोणाला काय वाढलं असेल, हाच विचार मी दोन दिवस करत होतो.

शिमग्याला पालखीच्या चौथऱ्यावर, सहाणेवर, तू जे बोललास ते माझ्या अजून डोक्यात आहे. पालखी खाली टेकलेली, ढोल थांबलेले, आणि सगळ्या वाडीसमोर तू म्हणालास, "तू गणपतीत चार दिवस येतोस, हिरवं बघतोस, फोटो काढतोस नि जातोस. ते हिरवं राखायला आम्ही इथे उपाशी राहायचं?" आणि वर, "एसी लावून पोट भरणारा मला हवामान शिकवतो!" लोक हसले. मलाही हसायला हवं होतं, पण मी तुला विकाऊ म्हणालो. तो शब्द मी मागे घेतो. तू कोणाकडून एक पैसा घेतलेला नाहीस हे मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. महिन्याभरापूर्वीच राजापुरात रिफायनरीविरोधात लिहिणारा पत्रकार गाडीखाली चिरडला गेला होता आणि सगळ्यांचीच डोकी तापलेली होती. पण ती काही सबब नव्हे.

एसीचं म्हणशील तर तुझं खरं आहे. आमच्या धंद्याला उन्हाळा लागतो. मार्चमध्ये पारा चढला की माझा फोन वाजायला लागतो, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटतं. जुन्या मशीनमध्ये आर-२२ गॅस असतो. तो किलोभर हवेत सुटला की जवळजवळ १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. नव्या आर-३२ चा आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी, पावणेसातशेच्या आसपास. हे मला आता ट्रेनिंगमध्ये शिकवलं. त्याआधी वीस वर्षं मी नट सैल करून तो गॅस सरळ सोडून देत होतो. फुस्स आवाज यायचा आणि नळीवर पांढरं दव जमायचं. तेव्हा हात धुतलेला माणूस म्हणून मी तुझ्याशी बोलत नाहीये.

पण हवामान मी तुला शिकवलं हे मात्र मान्य नाही. तूच मला शिकवलंस. डिसेंबरात थंडी पडते न पडते, झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. मोहोर आलाच तर ढगाळ हवेत तुडतुडा बसतो. कणी धरली की पुन्हा थंडी पडते, त्याच काडीवर दुसरा मोहोर फुटतो आणि वाटाण्याएवढी फळं खाली गळतात. फवारणीचं बिल किती, गुरख्याचा पगार किती, पेट्या किती, हे दरवर्षी तू मला फोनवर ऐकवतोस. तौक्ते वादळ झालं तेव्हा, १६ मे २०२१ ला, तूच रडत होतास. झाडाखाली हापूसचा सडा पडला होता आणि चिखलातनं वेचायलासुद्धा माणूस मिळत नव्हता. यंदाही बाग रिकामी जाणार म्हणत होतास. याला तू "निसर्गाचा कोप" म्हणतोस आणि मी "हवामान बदल" म्हणतो, एवढाच काय तो आपला फरक. आणि गेल्या महिन्यात खारघरला काय झालं? भर दुपारी उघड्या मैदानात लाखो माणसं बसली होती, पारा अडतीसच्या आसपास, आणि चौदा माणसं उन्हाने गेली. आपल्या पंचक्रोशीतले किती तरी श्रीसदस्य, धर्माधिकारींचे अनुयायी, त्या मैदानात होते. त्यांच्यातला कोणी आंदोलक नव्हता.

तुझा दुसरा मुद्दा मी बरेच दिवस चघळला. अमेरिकन माणसामागे वर्षाला चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, आपल्यामागे दोन टन. मग बारसूच्या कातळावरच जगाचं ओझं का? याला माझ्याकडे चटकन देण्यासारखं उत्तर नाही. बारसूच्या आधी नाणारला आखलेली रिफायनरी वर्षाला ६ कोटी टनांची होती. टनभर तेल जाळलं की साधारण तीन टन कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे हिशेब तूच कर. पण "ती इथे नाही झाली तर दुसरीकडे होईल, तेल तेवढंच जळेल" हे तुझं म्हणणं मी खोडू शकत नाही. मोटारसायकल तूही चालवतोस, टेम्पो मीही. सरकार ग्लासगोच्या हवामान परिषदेत सांगून आलं की २०७० पर्यंत भारताचं उत्सर्जन निव्वळ शून्य करू. मग पन्नास वर्षं चालेल असा तेलाचा कारखाना आत्ता उभारायचा, हे गणित मला जुळत नाही. तुला जुळत असेल तर समजावून सांग. खवचटपणे विचारत नाही.

खरं सांगू? मला जगाच्या तापमानापेक्षा माहुलची जास्त भीती वाटते. माझ्या खोलीपासून माहुल किती लांब ते तुला माहीत आहे, तू राहून गेला आहेस. पहिल्या रात्री उठून "गॅस गळतोय का रे" म्हणून शेगडी बघायला गेला होतास. तो वास बाहेरचा होता. रिफायनऱ्यांच्या शेजारी इमारती बांधल्या आणि तानसा जलवाहिनीवरची माणसं उचलून तिथे नेऊन टाकली. लोक आजारी पडायला लागले, कोर्टात गेले. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथे जायची जबरदस्ती करू नका, दुसरं घर द्या नाहीतर महिन्याला १५ हजार भाडं द्या. त्या बाजूला मी कॉइल बसवतो तेव्हा तांब्याची नळी बघता बघता काळी पडते. खारी हवा म्हणावं तर कुलाब्यालाही समुद्र आहेच. आणि गंमत बघ, माहुलच्या त्या इमारतींमधली पोरंसुद्धा सिक्युरिटीच्या नोकरीला बाहेरच जातात. कुंपणाच्या आत कामाला असलेला मला त्यांच्यात अजून भेटलेला नाही. लाखभर नोकऱ्या म्हणतात ना, त्यातल्या बांधकामाच्या किती आणि नंतर उरणाऱ्या किती, एवढंच तू त्या बैठकीत उठून विचार.

पुढाऱ्यांसाठी आपण भांडलो याचं मात्र मला हसू येतं. १९९५ साली आपण तेवीस वर्षांचे होतो. एन्रॉनचा वीजप्रकल्प समुद्रात बुडवणार म्हणून तू गुहागरपर्यंत सभेला गेला होतास, माझी सायकल घेऊन, आणि चाक वाकवून आणलीस. युतीचं सरकार आलं, करार रद्द झाला, आणि वर्षभरात तोच प्रकल्प आधीपेक्षा थोडा मोठा होऊन परत आला. २००१ मध्ये बंद पडला तो भाग वेगळा. नाणारचं तेच. लोकसभेच्या तोंडावर, मार्च २०१९ मध्ये, युती टिकवायला रिफायनरी रद्द झाली. तेव्हा गावात फटाके वाजले. जानेवारी २०२२ मध्ये उद्धव ठाकरेंनी मुख्यमंत्री म्हणून दिल्लीला पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. आणि आता ६ मे ला तेच बारसूत येऊन म्हणाले, लोकांना नको असेल तर नको. दुसरीकडे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे सांगतात की सत्तर टक्के लोक बाजूने आहेत. सत्तर टक्के बाजूने होते तर जमावबंदी कशाला लागली आणि अश्रुधूर कुणावर सोडला? ग्रामसभांचे ठराव विरोधात झालेत, तूही एका ठरावाच्या वेळी हजर होतास. हात वर केला नाहीस, खालीही ठेवला नाहीस. कान खाजवत होतास असं मला कळलंय.

आमच्या बाजूचंही एक सांगतो. मार्चच्या शेवटी दादरला एका बैठकीला गेलो होतो. चांगली माणसं, कळकळीची. पडद्यावर सड्यावरच्या पावसाळी फुलांचे फोटो दाखवले, गेंद, सीतेची आसवं. मी कौतुकाने बघत होतो. मग एक बाई म्हणाल्या, तिथल्या लोकांना पैशाचं फारसं आकर्षण नाही, त्यांचं जीवन साधं आणि समाधानी आहे. मला तुझा थोरला आठवला, वाशीत बारा-बारा तास गेटवर उभा राहणारा. मी उठून म्हणालो, आकर्षण आहे हो, भरपूर आहे, पैसाच नाही. थोडी शांतता झाली, मग चहा आला. मी चहा न घेता निघालो. ट्रेनमध्ये वाटलं, सहाणेवर बाळ्या हेच तर ओरडत होता.

आणि मी कोण? कागदोपत्री चाकरमानी. पण सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. सड्यावरचा आमचा तुकडा सामाईक, अकरा नावं, त्यातली चार मेलेली. चुलतभावाने संमतीपत्र पाठवलंय, सही कर म्हणून. ते कपाटात एसीच्या वॉरंटी कार्डांमध्ये ठेवलंय. आमच्या शेजारचे दोन तुकडे कधीच विकले गेलेत, घेणारे कुठले ते कोणाला ठाऊक नाही. त्यांना रिफायनरी कुठे येणार हे आपल्या आधी कसं कळलं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मी सही करणार नाही. तुझ्यावरचा राग म्हणून नाही. उन्हाळ्यात आपल्या खालच्या वाडीला टँकर लागतो, एवढा पाऊस पडूनही. आणि जे थोडं पाणी एप्रिलपर्यंत पऱ्यात राहतं ते सड्यातूनच झिरपून येतं, हे तुझा बापूसच सांगायचा. सडा म्हणजे उपडा ठेवलेला माठ, म्हणायचा. सरकारी कागदावर त्याच माठाला पडीक जमीन म्हणतात.

शाळेतून येताना आपण त्या कोरलेल्या माणसाच्या रेघांमध्ये झोपायचो, आठवतंय? दोन्ही बाजूला दोन वाघ आणि मधे तो उभा. आपल्याला सांगितलं होतं पांडवांनी एका रात्रीत काढलं. कातळ इतका तापलेला असायचा की पाठ टेकवून दहा आकडे मोजायची पैज लागायची. तू सातला उठायचास, मी सहाला. आता त्याच चित्राचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे, गेल्या वर्षीपासून. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी तिथे बसून दगडाने दगड घासला, त्यालाही चटका बसला असेलच.

थोरल्याला माझ्याकडे पाठव, काम शिकवतो, दोन वर्षांत स्वतःची व्हॅन घेईल, असं मी वर लिहिलं होतं. मग ती ओळ खोडली. दिसत असेल तुला खाडाखोड. खोडली कारण तू लगेच म्हणशील, म्हणजे कोकणातल्या पोराने शेवटी मुंबईलाच यायचं ना? आणि यावर माझ्याकडे काही नाही रे. रिफायनरी नको म्हणायला माझ्याजवळ दहा कारणं आहेत, पण मग काय हवं याला एकही धड नाही. काजू प्रक्रिया, होम स्टे, हे सगळे मी शहाण्यासारखे बोलतो ते शब्द तूच करून बघितले आहेस. बँकेचं कर्ज अजून फेडतोयस.

२७ तारखेला तुतारी एक्स्प्रेसने येतोय, सकाळी राजापूर रोडला उतरेन. घ्यायला यायचं असेल तर ये, नाहीतर रिक्षा करीन. शेवटचे आंबे काढायचे राहिले असतील तर झेला मला दे, तू खाली जाळीपाशी थांब, गेल्या वर्षीसारखा वर चढू नकोस. भांडायचं असेल तर दुपारी सड्यावर जाऊ. सहाणेवर नको, देव आपली तोंडं बघून कंटाळलाय.

आयेला गुडघ्याची गोळी आणतोय, तीच जुनी. क्लिप बघितली हे तिला सांगू नकोस. नाहीतर सांग.

तुझा,
भाई