गायक मंत्री आणि आपली भजनी मंडळे

मा. संपादक महोदय, सविनय नमस्कार.

सिंहस्थ जवळ आला की नाशिकच्या सांस्कृतिक कार्यक्रमांची चर्चा मंडप, रोषणाई आणि बाहेरगावचे नामांकित कलाकार यांच्यापलीकडे फारशी जात नाही. म्हणूनच ब्राझीलचे गायक-गीतकार जिल्बर्तो जिल यांच्या कारकिर्दीतील एका पर्वाकडे लक्ष वेधावेसे वाटते.

१९४२ साली साल्वादोर येथे जन्मलेले जिल प्रथम अकॉर्डियन वाजवत असत (आमच्या पेटीची ती चुलत बहीण, त्यामुळे मला त्यांच्याविषयी थोडी अधिक आपुलकी आहे). पुढे बोसा नोव्हा या ब्राझीलमधील मृदू गायनशैलीच्या प्रभावाने त्यांनी गिटार हाती घेतली. १९६७ च्या दूरचित्रवाणी संगीत महोत्सवात त्यांनी तिथल्या मातीतले, धनुष्यासारखे एकतारी बेरिंबाव हे वाद्य आणि विजेवरची गिटार एकाच गाण्यात आणली, तेव्हा परकीय वाद्यांचा राग असलेल्या अनेकांना ते रुचले नाही. ब्राझीलमधील तेव्हाच्या लष्करी राजवटीला तर त्यांचे काहीच रुचत नव्हते. डिसेंबर १९६८ मध्ये या राजवटीचा नागरी हक्क गोठवणारा ‘पाचवा हुकूम’ निघाल्यावर दोनच आठवड्यांत जिल आणि त्यांचे सहकारी काएतानो व्हेलोझो यांना अटक झाली आणि त्यानंतर १९७२ पर्यंत ते लंडनमध्ये हद्दपारीत राहिले.

हेच जिल २००३ ते २००८ या काळात देशाचे सांस्कृतिक मंत्री होते. शरीरातील नेमके बिंदू दाबले की सुप्त शक्ती जागी होते, तसेच समाजाचेही आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यानुसार २००४ पासून त्यांच्या खात्याने नवी सभागृहे उभारत बसण्याऐवजी वस्त्यांमध्ये, खेड्यांमध्ये आधीपासून काम करणाऱ्या गटांना ‘संस्कृतिबिंदू’ म्हणून मान्यता दिली आणि अनुदानासोबत ध्वनिमुद्रण व संपादनाची साधने देऊन, आपले गाणे आपणच मुद्रित करण्याची मुभाही दिली. गट कोणता प्रकार सादर करतो यापेक्षा तो खरोखर चालू आहे का, हे तिथे महत्त्वाचे होते.

नाशिक जिल्ह्यात असे बिंदू शोधावे लागणार नाहीत. पंचवटीतील भजनी मंडळे, सुरगाणा-पेठकडचे पावरी हे आदिवासी सुषिरवाद्य वाजवणारे वादक, बोहाडा या मुखवट्यांच्या लोकोत्सवातले संबळवाले आणि सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे सुपुत्र लोककवी वामनदादा कर्डक यांची गाणी गाणाऱ्या गायनपार्ट्या कोणाच्याही अनुदानाविना चालू आहेत. वामनदादांची गाणी वह्यांतून आणि गळ्यांतून टिकली, परंतु वह्या फाटतात आणि गळेही थकतात. आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ बुवांच्या चाली मुद्रित करायचे आम्ही दोन वर्षे ‘पुढच्या एकादशीला’ म्हणत राहिलो आणि त्या त्यांच्याबरोबरच गेल्या.

सिंहस्थाच्या सांस्कृतिक निधीतील काही रक्कम अशा मंडळांना थेट द्यावी, तसेच प्रत्येक तालुक्यात ध्वनिमुद्रणाचा एक साधा संच आणि तो हाताळायला शिकवणारी एक व्यक्ती द्यावी, अशी माझी महापालिका आणि जिल्हा प्रशासनाला विनंती आहे.

– एक पेटीवादक, पंचवटी, नाशिक