रविवारच्या बैठकीची आठवण

सभासदहो, नमस्कार.

रविवारी संध्याकाळी ७ वाजता वाचनालयात बैठक आहे. विषय: स्वीडनचे औषधशास्त्रज्ञ आर्विद कार्लसन (१९२३–२०१८).

१९५७ साली त्यांनी सशांना रेसर्पिन हे मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन संपवणारं औषध दिलं. ससे कान पाडून निपचित पडले. मग एल-डोपा (म्हणजेच लेव्होडोपा, ज्याचं शरीरात डोपामाइन बनतं) टोचलं, अन् थोड्याच वेळात तेच ससे कान टवकारून हिंडू लागले. डोपामाइन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे, हे त्यातून पुढं आलं. आधी पुष्कळ जाणकारांना ते पटलंच नाही. मेंदूत डोपामाइन कमी पडून होणाऱ्या कंपवातावर (पार्किन्सनवर) आजही लेव्होडोपा हेच मुख्य औषध. नोबेल मात्र २००० साली, वयाच्या ७७व्या वर्षी!

गंमत म्हणजे रेसर्पिन निघतं आपल्या सर्पगंधेतून, आणि लेव्होडोपा धुऱ्यावरच्या खाजकुयलीच्या बियांतही असतं. शेंगा दाखवायला आणणाऱ्यांनी पिशवीत घट्ट बांधून आणा. मागच्या खेपेला सतरंजीवर लव सांडली अन् अर्धी सभा खाजवत घरी गेली. त्या बिया कुणी आपल्या मनानं औषध म्हणून खाऊ नका.

घरी कंपवाताचे पेशंट असतील तर त्यांनाही आणा, गोळीची वेळ सांभाळून. इन्व्हर्टर अर्धा तासच टिकतो, टॉर्च सोबत असू द्या.

– चिटणीस