लोह कमी, म्हणून वय जास्त?

महोदय,

‘रक्त द्या, शरीराचे खरे वय जाणून घ्या’ अशा जाहिराती हल्ली आरोग्य पॅकेजांसोबत सर्रास दिसतात. दुसरीकडे, निरोगी म्हातारपणाच्या रक्तातल्या खुणा भारतीयांमध्ये कशा असतात हे ठरवण्यासाठी बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने ‘भारत’ हा अभ्यास हाती घेतला आहे. तो होईपर्यंत या जाहिरातींवर किती विसंबावे, ते एका सूत्रावरून कळेल.

रक्ताच्या तपासण्यांवरून शरीराचे वय काढणारे, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘फेनोएज’ हे सूत्र बरेच वापरले जाते. त्यात जन्मतारखेचे वय आणि नऊ साध्या तपासण्या लागतात: अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, सीआरपी (शरीरातला दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, दाखवणारा आकडा), लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे प्रमाण, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार), आरडीडब्ल्यू, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पांढऱ्या पेशी. कोणत्या तपासणीला किती वजन द्यायचे ते गुणांक मात्र अमेरिकी सर्वेक्षणातल्या मृत्यूंच्या नोंदींवरून बसवलेले. आपल्याकडे घोळ होतो तो आरडीडब्ल्यूत, म्हणजे तांबड्या पेशी किती लहानमोठ्या आहेत हे सांगणाऱ्या आकड्यात. तो एक टक्क्याने वाढला की सूत्रातले वय साडेतीन वर्षांहून थोडे जास्तच वाढते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोह कमी पडले की आरडीडब्ल्यू १३ वरून सहज १६ वर जातो: झाली अकरा वर्षे. एमसीव्ही ९० वरून ७५ वर उतरतो, त्याची साडेचार वर्षे वजा. तरीही बाई साडेसहा वर्षांनी म्हातारी! लोहाबरोबर बी-१२ ही कमी असेल, आणि शाकाहारी घरांत ते नवलाचे नाही, तर लहान व मोठ्या पेशींची सरासरी नेहमीसारखी येते. एमसीव्ही निर्दोष दिसतो, वजाबाकी होत नाही, आरडीडब्ल्यू तेवढा चढलेला राहतो. गंमत म्हणजे लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर नव्या पेशी रक्तात येतात, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत हा आकडा आणखी वाढतो. उपचार लागू पडतोय आणि रिपोर्ट म्हणतोय वय वाढले.

क्रिएटिनिनचे, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणाऱ्या आणि मूत्रपिंडे बाहेर टाकतात त्या द्रव्याचे, उलटे. अंथरुणाला खिळलेल्या, स्नायू झडलेल्या माणसाचे क्रिएटिनिन ०.९ वरून ०.६ वर आले, तर तेवढ्यापुरता तो पावणेतीन वर्षांनी तरुण ठरतो.

नमुना नेण्याचाही प्रश्न आहे. गावातल्या शिबिरात सकाळी घेतलेली हिमोग्रामची (पेशींच्या मोजणीची) जांभळ्या झाकणाची ट्यूब दुसऱ्या दिवशी शहरातल्या यंत्रावर लागली, तर मधल्या वेळेत पेशी फुगतात. एमसीव्ही आणि आरडीडब्ल्यू दोन्ही वाढतात. हिमोग्राम सहा-आठ तासांत व्हावा, नाहीतर ट्यूब चार अंश सेल्सिअसला ठेवावी. पेशी वेगळ्या न केलेल्या रक्तात साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरते, आणि करड्या झाकणाच्या ट्यूबमधले फ्लोराइडही पहिला तास-दोन तास ही घट पुरती थांबवू शकत नाही. म्हणून ट्यूब बर्फात ठेवून लवकर यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या कराव्यात. रक्त काढल्याची आणि यंत्रावर लावल्याची वेळ रिपोर्टवर नसेल, तर त्या आकड्यावरून दोन जिल्ह्यांची तुलना करू नये.

निदान संशोधकांनी तरी प्रत्येक नमुन्यासोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे) आणि बी-१२ मोजावे. फेरिटिन सीआरपीसोबतच वाचावे, कारण दाह असेल तर लोह नसतानाही ते वाढते. सीआरपी १० च्या वर असेल तर ताप-खोकला चालू आहे का ते विचारून दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यावे. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेलची तपासणी आधी व्हावी. या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी लवकर मरत असतील तर एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, फसवा कमी येतो.

आणि ज्याच्याशी हे सगळे ताडून पाहायचे ते जन्मतारखेचे वय? ज्येष्ठांच्या नोंदी ६०, ६५, ७० वर गर्दी करतात, हे कोणत्याही सर्वेक्षणात दिसते. दाखला नसेल तर आधारकार्डावरची १ जानेवारी उतरवून घेऊ नये. पानशेतचा पूर (१९६१), कोयनेचा भूकंप (१९६७), ७२चा दुष्काळ यांपैकी कशाच्या वेळी शाळेत होता, लग्न झाले होते का, पहिले मूल केवढे होते, असे विचारत वय बांधावे आणि ते ‘दाखल्यावरून’ की ‘अंदाजे’ याचा वेगळा रकाना ठेवावा.

— प्रयोगशाळेत काम करणारा एक वाचक, पुणे