सेल्फ बदलला, बॅटरी बदलली तरी ट्रॅक्टर चालू होईना, आणि वरनं सेफ्टी स्विच डायरेक्ट करून दिला

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर साहेब,

विषय : सांगली जिल्ह्यातल्या तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरनं गरज नसताना पार्ट बदलल्याबद्दल

साहेब नमस्कार,

मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. तुमच्या कंपनीचा २००९ मॉडेलचा ट्रॅक्टर आमच्याकडं शोरूममधनं घेतल्यापासून आहे, आणि आजपर्यंत त्याचं साधं ऑइल फिल्टरसुद्धा बाहेर बदललेलं नाही, सगळं तुमच्याच सेंटरला. इंजिनाची काय तक्रार नाही, इंजिन अजून एक नंबर आहे. तक्रार आहे ती सेंटरनं जे काम केलं त्याची.

ऑक्टोबर छाटणी झालेली, काड्यांना पोंगा फुटलेला, त्यात परतीचा पाऊस. द्राक्षवाल्याला माहीत असतं या दिवसात डावणी या बुरशीरोगाची फवारणी एक दिवस जरी पुढं गेली तरी काय होतं ते, घडावर डावणी बसली की मग कितीबी महागाचं औषध मारा, गेलेला घड परत येत नाही. आणि नेमका त्याच टायमाला ट्रॅक्टर सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करायची मोटर, घेईना. किल्ली फिरवली की टक् करून आवाज, इंजिन अर्ध्या फेऱ्याला अडायचं आणि थांबायचं, कधी कधी मात्र एका किल्लीत चालू व्हायचा. फवारणीचा ब्लोअर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालतो, म्हणजे ट्रॅक्टर बंद तर फवारणी बंद.

सेंटरला फोन केला, मेकॅनिक आला, त्यानं हेडलाईट लावून बघितली, म्हणाला लाईट चांगली लागतीय म्हणजे वायरिंग अर्थिंग सगळं ओके आहे, सेल्फ गेलाय. ट्रॅक्टर ओढून सेंटरला नेला, सेल्फ नवीन टाकला, तरी तसंच, मग म्हणाले बॅटरी वीक आहे, बॅटरी नवीन टाकली, दोन्ही मिळून बिल पंधरा हजाराच्या वर गेलं, आणि घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी परत टक्. या सगळ्यात एकदाबी कुणी मल्टिमीटर हातात घेतला नाही, मी स्वतः तिथं उभा होतो म्हणून सांगतोय.

शेवटी आमच्या गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं काय केलं ते मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण हे तुमच्या माणसांनी करायला पाहिजे होतं. त्यानं एकाला किल्ली मारायला लावली आणि सेल्फ मारत असतानाच मीटर लावला. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर ११.४ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत, लोड आल्यावर साडेनऊच्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता म्हणाला. मग प्लस टर्मिनल ते सेल्फचा मोठा बोल्ट, ०.३, म्हणजे प्लसची केबल चांगली. मग मायनस टर्मिनल ते सेल्फची बॉडी, तिथं ४.२ व्होल्ट! तिथं पाव व्होल्टाच्या आसपास पाहिजे. म्हणजे सेल्फला उरले ६.९, एवढ्यात डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन कुठला सेल्फ ओढणार, नवा असो का जुना.

अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासनं बॉडीला जोडलेली पट्टी, सोडली तर खाली कलर. मागच्या सर्व्हिसिंगला तुमच्याच सेंटरनं बॉडीला कलर मारून दिला होता आणि पट्टी कलरवरच आवळली होती, बोल्टच्या कडेनं जेवढं लोखंड लागत होतं त्यालाही गंज चढलेला. त्यानं पॉलिश पेपरनं घासून लोखंड पांढरं केलं, पट्टी नवी टाकली, दातेरी वॉशर घालून आवळली, वरनं ग्रीस लावलं. परत मोजलं तर ०.२. एका किल्लीत चालू. खर्च किती, तर पट्टीचे पैसे आणि त्याची मजुरी, हजाराच्या आत सगळं मिटलं.

आता लाईट चांगली लागते म्हणजे अर्थिंग ओके, हे तुमचा मेकॅनिक कशावरनं म्हणतो ते मला कळलं नाही. हेडलाईटचा ५५ वॅटचा बल्ब चार-पाच अँपिअर घेतो, सेल्फ दोनशेच्या वर ओढतो. कनेक्शनमध्ये ०.०२ ओहम एवढासा जरी अडथळा असला तरी दोनशे अँपिअरला तिथंच ४ व्होल्ट जातात, बल्बाला मात्र त्यानं काही कळत नाही. ठिबकची फिल्टर जाळी अर्धी बुजली तरी एका ड्रीपरला पाणी नीट पडतं, सगळा प्लॉट सोडल्यावरच प्रेशर पडलेलं दिसतं, तसंच आहे हे. गावातल्या माणसाला जे माहीत आहे ते कंपनीचा युनिफॉर्म घातलेल्या माणसाला माहीत नसावं?

पैशाचं एकवेळ मी सोडलं असतं पण पुढची गोष्ट सोडणार नाही. इलेक्ट्रिशियन वायरिंग बघत असताना त्याला दिसलं की न्यूट्रलचा सेफ्टी स्विच काढून दोन्ही वायरी एकमेकाला पिळून टेप मारलाय. ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना सेल्फ घेऊ नये म्हणून कंपनीनंच तो स्विच दिलाय ना? तुमच्या सेंटरनं सेल्फ का घेत नाही हे शोधताना तो डायरेक्ट केला आणि तसाच ठेवून ट्रॅक्टर ताब्यात दिला, मला सांगितलं नाही, जॉबकार्डवर लिहिलं नाही. त्याच्या आदल्याच दिवशी माझ्या पुतण्यानं किल्ली फिरवली तेव्हा ट्रॅक्टर गिअरमध्ये होता, चालू होताच पुढं सरकला आणि मांडवाचा अँगल वाकवला. तो सीटवर बसलेला होता म्हणून लगेच क्लच दाबला. आमच्याकडं खाली उभं राहून किल्ली फिरवणारे किती आहेत ते तुम्हालाबी माहीत आहे, मागचं चाक अंगावर यायला किती वेळ लागतो सांगा. माणसं अशानं मरतात साहेब, हे तुमच्याच ट्रॅक्टरच्या पुस्तकात इशारा म्हणून छापलेलं आहे.

त्या दिवसात भाड्यानं ट्रॅक्टर ब्लोअर लावून फवारणी केली, त्या पावत्या आहेत माझ्याकडं. बागेच्या एका कोपऱ्यात डावणी आली ती आलीच, त्याचा हिशोब मी तुमच्याकडं मागत नाही.

मागतोय ते एवढंच. सेल्फचे, बॅटरीचे आणि दोन्हीच्या मजुरीचे पैसे परत द्या. माझा जुना सेल्फ स्क्रॅपला गेला म्हणाले, तो चांगला होता, तो मला परत पाहिजे, नसेल तर त्याची किंमत द्या. सेफ्टी स्विच नवीन बसवून, गिअरमध्ये टाकून सेल्फ घेत नाही हे माझ्यासमोर दाखवून द्या, आणि हे काम आधी करा, पैशाचं नंतर आलं तरी चालेल. त्याच आठवड्यात त्या सेंटरमधनं वायरिंगचं काम करून गेलेल्या बाकीच्या ट्रॅक्टरवाल्यांनापण फोन करून स्विच तपासून घ्या, त्यांना कदाचित माहीतच नसंल. आणि सेल्फ बदलायच्या आधी व्होल्टेज मोजून आकडे जॉबकार्डवर लिहायचे असं सगळ्या सेंटरला लेखी कळवा, त्याची एक कॉपी मला पाठवा.

पंधरा दिवसात लेखी उत्तर पाहिजे. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकणार आणि तिथं नाही झालं तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, २०१९ च्या कायद्यानं आपल्या जिल्ह्यातच केस टाकता येते आणि पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी पण लागत नाही, हे मी विचारून ठेवलंय.

बिलाची, जॉबकार्डची झेरॉक्स, मीटरवरच्या आकड्यांचे आणि टेप मारलेल्या वायरींचे फोटो सोबत जोडलेत. स्विच बसवायला माणूस पाठवणार असाल तर दुपारी पाठवा, सकाळी ट्रॅक्टर फवारणीला असतो.

आपला ग्राहक,
एक द्राक्षबागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली