आई-बाबा, ते वीस लाख आधी तुमचे आहेत

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा लगेच "बघू" म्हणतात आणि आई गप्प बसते, म्हणून लिहूनच टाकतेय.

दिवाळीत बँकेतली एफडी सुटतेय, वीस लाख. बाबा, तुमचं चाललंय की त्यातले दहा आमच्या चिनूच्या शिक्षणाला बाजूला ठेवायचे आणि उरलेले पतसंस्थेत, कारण तिथे बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त मिळतात आणि चेअरमन ओळखीचे आहेत. चेअरमन चांगले असतील हो, पण बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत परत देणारा जो विमा असतो, तो पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, फक्त बँकेतल्या ठेवीला असतो. जन्मभर एसटीच्या डेपोत ग्रीसमध्ये हात घालून जमवलेला पैसा आहे तो, दोन टक्क्यांसाठी नको ना.

आणि चिनूचं म्हणाल तर त्याच्या नावाने आमची म्युच्युअल फंडात दरमहा एसआयपी चालू आहे, त्याला अजून बारा-तेरा वर्षं आहेत, मार्केट खाली-वर झालं तरी आम्हाला थांबता येतं. तुम्हाला थांबता येणार नाही. तुम्हाला महिन्याला पैसा हवा, ती पीएफवाली ईपीएसची पेन्शन किती येते ते मला माहितीये, आईच्या आणि तुमच्या औषधांतच संपते.

म्हणून मी असं धरलंय. पंधरा लाख पोस्टातल्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये, आठ बाबांच्या नावाने, सात आईच्या. सध्या व्याज 8.2 टक्के आहे आणि खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो. दर तीन महिन्यांनी बाबांचे 16,400 आणि आईचे 14,350 जमा होणार, म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला सव्वादहा हजार. आई, तुझ्या नावाने मुद्दाम सांगतेय, तुझ्या खात्यात तुझे पैसे येऊदेत, भिशीचे पण बाबांकडे मागावे लागतात तुला. दोन नावांत विभागलं की प्रत्येकाचं व्याज वर्षाला लाखाच्या आत राहतं त्यामुळे टीडीएसची, म्हणजे व्याजातून आधीच कर कापला जाण्याची पण कटकट नाही. फक्त एक, वर्षाच्या आत मोडलं तर व्याज हातात येत नाही, म्हणून सगळे तिथे टाकायचे नाहीत.

चार लाख बँकेतच, एक-एक लाखाच्या चार एफडी, म्हणजे गरज पडली तर एकच मोडायची. हे आईच्या गुडघ्याचे. आई, "पुढच्या वर्षी बघू" हे तीन दिवाळ्या ऐकतेय मी, जिना उतरताना तू कठड्याला दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी आडवी उतरतेस ते बघवत नाही. बाबांना पुढच्या वर्षी सत्तर पूर्ण झाली की सरकारच्या आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड काढू, दवाखान्याच्या खर्चासाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतचं आहे आणि उत्पन्न बघत नाहीत, पण आईचं तोवर थांबवायचं नाही.

उरलेला एक लाख फिरायला. नर्मदा परिक्रमा बसने करायचीये ना दोघांना, मग करा की, आमच्यासाठी कशाला वाचवायचे.

एक गोष्ट मलाही खटकते, ते सव्वादहा हजार पाच वर्षं तेवढेच राहणार आणि गॅस, किराणा, औषधं काही थांबणार नाहीत. तो फरक मी भरणार आणि बाबा, त्याला नाही म्हणायचं नाही. लेकीकडून घ्यायचे नाहीत वगैरे मला चालणार नाही, मी कमावतेय ते तुम्ही शिकवलं म्हणूनच.

पुढच्या शनिवारी येतेय. दोघांचे आधार, पॅन आणि पासपोर्ट साइज फोटो काढून ठेवा, आणि त्या स्टीलच्या डब्यातल्या रबर लावलेल्या सगळ्या पावत्या पण, प्रत्येकीवर नॉमिनी कोण आहे ते बघायचंय, आजीचं नाव अजून कुठेतरी असणार. आई, डॉक्टरांची सोमवारची वेळ मी घेतलीये, बाबांना घेऊन जा.

तुमची,
राणी